पेटी, तालमी आणि घरची किल्ली

पत्र, थोडक्यात: मी फोंडा तालुक्यातला, वय ३७. वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात नोकरी, एक आठवडा सात ते तीनची पाळी आणि एक आठवडा जनरल. पेटी वाजवतो. जत्रांतल्या संगीत नाटकांना ऑर्गनची आणि पेटीची साथ करतो, भजनातही असतो. पत्नी पणजीला नोकरीला जाते, साडेसहाला घरी येते. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा, घरी आई आहे, तिचे गुडघे दुखतात. गेल्या दसऱ्यापासून होळीच्या शिगम्यापर्यंत मी किती रात्री बाहेर होतो ते पत्नीने कॅलेंडरवर गोल करून ठेवले होते. ९ नाटके, १०४ तालमी, १४ भजने. एकूण १२७. तिच्या माहेरच्या जत्रेलाही मी दुसरीकडे वाजवत होतो. हल्ली ती ‘कधी येणार?’ असे विचारत नाही, ‘किल्ली घेतली का?’ एवढेच विचारते. पणजीचे माझे गुरुजी म्हणतात, नाटके पुरे, ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गायनाच्या, साथीकडे वळ, ऑडिशन देऊन आकाशवाणीची श्रेणी मिळव. पण मला वेळच नाही. पेटी विकून टाकू का? की पत्नीला कसे समजवायचे ते सांगाल? शेवटी साथीदाराचे आयुष्य ते काय!

उत्तर:

पेटी विकू नका. ती विकली तर रात्री घरी बसाल खरे, पण कसे बसाल ते घरच्यांना पाहावे लागेल.

आणि पत्नीला समजवायला जाऊ नका. तिने १२७ गोल केले, म्हणजे तिला सगळे समजले आहे. हिशेब तिने मांडला, उत्तर तुम्हाला काढायचे आहे. ते आकडे तुम्हीच नीट वाचले नाहीत असे पत्रावरून वाटते. १२७ रात्रींत नाटकाच्या रात्री फक्त ९. संसार नाटकांनी खाल्लेला नाही, तालमींनी खाल्ला आहे. शिवाय त्यातल्या बहुतेक तालमींना पेटीवाल्याची गरजही नसते.

गावची नाटक मंडळी वीस-पंचवीस तालमी करतात. पहिल्या आठ-दहा वाचनाच्या. पुढच्या आठ-दहांत कोण कुठून येतो, कुठे वळतो, पडदा कधी पडतो. त्या वेळी पेटीवाला कोपऱ्यात बसून चहा पितो आणि मध्येच दिग्दर्शकाला आठवण झाली की अर्धे पद वाजवतो. साथीला खरोखर लागतात त्या सात तालमी. पदे बसवण्याच्या तीन, संवादासह सलग तीन आणि एक रंगीत. तुम्ही नाटकामागे सरासरी अकरा-बारा तालमींना गेलात. सातांच्या वर गेलेली प्रत्येक रात्र मैत्रीखातर, भिडेखातर किंवा घरी जायचा कंटाळा म्हणून गेली. यातले कोणते कारण किती वेळा होते हे तुम्हालाच ठाऊक.

आता पैशांचे पाहू. नाटकामागे अडीच हजार मिळतात आणि स्वतःच्या गावचे एक नाटक देवासाठी फुकट, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे आठ नाटकांचे २०,००० रुपये. गावचे सोडून बाहेरच्या साधारण १०० रात्री, जाऊन-येऊन सरासरी २४ किलोमीटर धरले तर २,४०० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर ५३ लिटर. सोपे पडावे म्हणून लिटर शंभराने धरू, ५,३०० रुपये पेट्रोल. हाती राहिले १४,७००. वेळ? तालमीला जाण्या-येण्यासह तीन तास, नाटकाच्या रात्री सात. ३१२ अधिक ६३, म्हणजे ३७५ तास. ताशी चाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. कलेचा हिशेब पैशांत करू नये म्हणतात. करू नये, कबूल. पण हे तास तुमच्या एकट्याचे नव्हते. तेवढे तास घरात दुसरे कोणीतरी दोन मुले आणि एक म्हातारी सांभाळत होते, तेही दिवसभर नोकरी करून.

पुढच्या हंगामासाठी आम्ही असे सुचवू. पाच नाटके घ्या, चार बाहेरची आणि एक गावचे. प्रत्येकाच्या सातच तालमी. भजने सहा. म्हणजे पाच नाटकांच्या ४० रात्री आणि भजनाच्या ६, एकूण ४६. बाहेरच्या मंडळींना मानधन सांगताना अडीच हजारांवर दर तालमीचे ३०० रुपये वेगळे सांगा. हे पैशांपेक्षा शिस्तीसाठी आहे. तालीम फुकट असते तोवर दिग्दर्शक ‘येऊन बस रे, वातावरण होतं’ म्हणतो. तीनशे रुपये मोजायचे म्हटले की तोच दिग्दर्शक पदांच्या तालमी सलग लावतो आणि साडेनऊला सगळे हजर असतात. नाटकामागे ४,६०० झाले, चारांचे १८,४००. पेट्रोल सतराशेच्या आसपास. हाती १६,७००, आणि तास १४०. म्हणजे निम्म्याहून कमी वेळात गेल्या वर्षीपेक्षा दोन हजार जास्त. एखादी मंडळी ‘परवडत नाही’ म्हणेल. म्हणू दे. पाच नाटके निवडायला तेवढीच मदत होईल.

गावच्या देवळातल्या नाटकाला मात्र हा दर लावू नका. तिथे पैसे मागून वर्षभर ऐकून घेण्यात अर्थ नाही. पण सात तालमींचा नियम तिथेही पाळा. देवाची सेवा म्हणजे वाचनाच्या तालमीला चहा पिणे नव्हे.

तालमी कमी केल्याने नाटक कच्चे राहू नये म्हणून एक काम आधी करा. पदे ठरली की प्रत्येक गायक नटाची पट्टी, म्हणजे तो कोणत्या सुराला सा धरून गातो ते, पक्की करा. पुरुषाला काळी एक की पांढरी दोन, बाईला काळी चार की पाच, ते वहीत लिहून ठेवा. मग प्रत्येक पदाची साथ फोनवर दोनदा रेकॉर्ड करा, एकदा सावकाश, एकदा नाटकातल्या लयीत. सुरुवातीला तोंडाने सांगा, ‘पद अमुक, पट्टी काळी एक’. ती त्या नटाला पाठवा. तो आंघोळीला जाताना ऐकेल, गाडीत ऐकेल. दहा पदांना तुमची एक दुपार जाईल आणि तालमीच्या चार-पाच रात्री वाचतील. अडचण येते ती पट्टीची. ऐनवेळी नटाचा घसा बसतो आणि तो अर्ध्या सुराने खाली मागतो. तेव्हा प्रत्येक पद मूळच्या एक पट्टी खालूनही बोटांत ठेवा. गावात पेटी शिकणारा एखादा मुलगा असेल तर वाचनाच्या तालमींना त्याला बसवा. त्याला सराव मिळेल, मंडळींना पेटीचा आवाज मिळेल.

आता तारखा. जत्रा तिथीवर असतात, अचानक उगवत नाहीत. कवळ्याची माघ शुद्ध पंचमीला, मंगेशीची माघ पौर्णिमेला, शिरगावची वैशाख शुद्ध पंचमीला. पंचांग हातात आले की वर्षाच्या सगळ्या तारखा कळतात. तरीही बहुतेक कलाकार फोन येईल तशा तारखा देत जातात आणि घराला उरलेसुरले मिळते. हा क्रम उलटा करा. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, धामधूम संपली की एका रविवारी नवरा-बायको कॅलेंडर घेऊन बसा. पहिल्यांदा घरच्या तारखा लिहा. पत्नीच्या माहेरची जत्रा सगळ्यात आधी, आणि शाईने. गेल्या वर्षीची ती एक तारीख बाकीच्या १२६ रात्रींपेक्षा जास्त दुखली असणार. मग मुलांचे वाढदिवस, मुलीच्या परीक्षा, पत्नीच्या कचेरीत मार्चअखेरीला काम वाढत असेल तर ते दिवस, आईची डॉक्टरकडची तारीख. त्यानंतर ज्या रात्री मोकळ्या दिसतील त्यातून पाच नाटके.

पाच भरली की संपले. सहाव्याचा फोन येणारच, आणि ‘फक्त तीन पदं आहेत हो’ असेच कोणीतरी म्हणणार. तेव्हा काय बोलायचे ते आताच ठरवा. ‘घरी विचारून सांगतो’ हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याचा अर्थ गावभर ‘बायको सोडत नाही’ असा होतो आणि तुमच्या नकाराचे खापर तिच्या माथी फुटते. ‘या हंगामाच्या माझ्या तारखा संपल्या, पुढच्या वर्षी चवथीपूर्वी सांगा’ एवढे पुरे. शक्य असल्यास दुसऱ्या पेटीवाल्याचा नंबर द्या. नकाराचा राग निम्मा होतो.

नाटकाच्या रात्रीचा खर्च पहाटे संपत नाही, हेही लक्षात घ्या. पालखी होऊन नाटक अकरा-बाराला उभे राहते, चारला पडदा पडतो, आवरून घरी पोचेपर्यंत पाच. सातच्या पाळीला सहाला निघायचे. तासभर झोप घेऊन बोरीचा पूल ओलांडत स्कूटरवरून वेर्णे गाठणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पाच नाटकांच्या दुसऱ्या दिवसाची रजा वेळापत्रक लागण्यापूर्वीच मागा, किंवा तो आठवडा जनरलचा घ्या. गेल्या वर्षी नऊ रजा झोपेत गेल्या आणि मुलीच्या तापाच्या वेळी एकही उरली नव्हती, असे पत्रात ओझरते लिहिले आहे. ते ओझरते नाही. येताना मंडळींच्या गाडीने या. स्कूटरनेच यायचे असेल तर निघण्यापूर्वी तिथेच वीस मिनिटे आडवे व्हा. चहा प्यायल्याने झोप उडाल्यासारखे वाटते, पण ती उडत नाही.

तालमीच्या रात्री घरातून नऊला निघा, पण काम आटपून. मुलांची जेवणे, धाकट्याला झोपवणे, भांडी. तुम्ही दाराबाहेर पडाल तेव्हा पत्नीला बसता आले पाहिजे, इतके. आईच्या भरवशावर तीन वर्षांचा मुलगा सोडून जाणे जमेत धरू नका. गुडघे दुखणारी बाई धावणाऱ्या मुलामागे जाऊ शकत नाही, आणि ती तसे तुम्हाला सांगणारही नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पूर्णपणे पत्नीच्या ठेवा. त्या दिवशी घर तुमच्याकडे. ती कुठे जाते, काय करते, की नुसती झोपते, ते विचारू नका. आणि याला ‘तुला मदत करतो’ असे म्हणू नका. घर तुमचेही आहे.

आता तुमच्या खऱ्या इच्छेकडे येऊ. गुरुजी बरोबर सांगतात, आणि वेळ नाही हे तुमचे म्हणणे ३७५ तासांच्या हिशेबानंतर टिकत नाही. ख्यालाच्या साथीला रोज ४५ मिनिटे द्या, आठवड्यातून सहा दिवस. सातच्या पाळीच्या आठवड्यात चारला घरी येता, तेव्हा सव्वाचार ते पाच. पाचनंतर मुले तुमची. जनरलच्या आठवड्यात पहाटे साडेपाच ते सव्वासहा. पहाटे मुले उठू नयेत म्हणून खर्जाचे म्हणजे खालचे सूर बंद ठेवून नुसत्या नरावर, म्हणजे वरच्या सुरांच्या संचावर, वाजवा, पेटीवर जाड चादर घाला, आणि पहिली दहा मिनिटे भाता न मारता नुसती बोटे चालवा. आवाज नसला की बोटांचे दोष स्वच्छ दिसतात, हा वरचा फायदा.

पंचेचाळीस मिनिटांत काय करायचे? दहा मिनिटे सुरांचे अलंकार, दर आठवड्याला वेगळ्या पट्टीत. दहा मिनिटे एकच लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाइतकी पुन्हा पुन्हा वाजणारी धून, एक आठवडा तीनतालात, पुढचा झपतालात, तबल्याच्या ॲपबरोबर, लय तसूभरही न हलवता. हे कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक जण सोडतात. त्यांची लय पुढे पळते ती त्यामुळेच. उरलेली पंचवीस मिनिटे एखाद्या विलंबित ख्यालाच्या ध्वनिमुद्रणामागून जा. गायकाच्या वाक्याचा शेवटचा सूर धरा, वाक्याची नक्कल करू नका. आठवड्यातून एकदा स्वतःचे वाजवणे रेकॉर्ड करून ऐका.

नाटकातल्या पेटीवाल्याची ख्यालाच्या साथीत हमखास एक चूक होते, तो जास्त वाजवतो. नाटकात ते लागतेच. नट रंगमंचावर फिरून आलेला असतो, श्वास पुरत नाही, तेव्हा ऑर्गनने जागा भरायची, त्याला उचलून धरायचे, प्रत्येक तानेला दाद द्यायची. ख्यालात गायकाने मुद्दाम सोडलेली शांतता तुम्ही भरली की त्याने बांधलेले सगळे मोडते. दुसरे असे की पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही. गायक षड्जावरून पंचमाला मींडेने गेला तर मधल्या पट्ट्यांवरून पायऱ्या चढू नका, पंचमावर जाऊन थांबा. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे झुलता, कोमल गंधार पेटीवर ठोकून दाखवायचा मोह होतो. तो टाळा, तिथे हलका षड्ज धरून बसा. ही सवय मोडायला वर्ष लागते, म्हणून आकाशवाणीची घाई नको. ऑडिशनचा फॉर्म आणि त्या वेळचे नियम पणजी केंद्रावर विचारून घ्या, पण भरायला दोन पावसाळे जाऊ द्या. पावसाळा याचसाठी म्हणतो की जूनपासून श्रावणापर्यंत नाटके नसतात आणि ख्यालाचे काम तेव्हाच होते. श्रावणात वास्कोचा भजनी सप्ताह, भजने सुरू झाली की पुन्हा बोलावणी. गुरुजींकडे पावसाळ्यात महिन्याला तीन रविवार जा, हंगामात दोन. मधल्या आठवड्यात तुमचे रेकॉर्डिंग फोनवर पाठवा आणि चुका लिहून घ्या.

विशारदची परीक्षा द्यावी का, असे पत्राच्या टोकाला विचारले आहे. शाळेत संगीत शिक्षक व्हायचे असेल तर द्या, नाहीतर हे दोन वर्षे राहू द्या.

‘साथीदाराचे आयुष्य ते काय’ हे मात्र खोडून टाका. तुम्ही रोज ज्या बोरीवरून कामाला जाता, त्याच बोरीत १९३४ साली तुळशीदास बोरकर जन्मले, आणि याच पेटीसाठी २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दारच बंद केले होते. ते उघडायला सत्तरचे दशक उजाडले, आणि उघडले तेही साथीसाठी. पेटीला ते दार साथीनेच उघडून दिले आहे.

ही सगळी व्यवस्था पहिल्या महिन्यात एकदा मोडेल. बहुधा जुन्या मित्राच्या फोनने. मोडली म्हणून सोडू नका, आणि पत्नीपासून लपवू तर अजिबात नका. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कॅलेंडर काढून गोल मोजा, दोघांनी. आठ-नऊच्या वर गेले असतील तर पुढच्या महिन्यातले एक भजन सोडा. माघात जत्रा एकापाठोपाठ येतात, तेव्हा बारा-तेरा होतील. ते आधीच ठरवून, आधीच सांगून होऊ द्या. हिशेब जमूनही घरात बोलणे सुरू झाले नाही, तर गोष्ट पेटीची नाही. मग पेटीबद्दल बोलणे थांबवा आणि तिला काय झाले आहे ते विचारा. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. साथीदाराला हे जमायला हवे.

राहता राहिली पेटी. पावसात ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकाल तर गणपतीपर्यंत पट्ट्या फुगून अडकतील, आतल्या स्प्रिंगा गंजतील, चामडे ओले होऊन सूर आपोआप लागून राहतील. सुती कापडात ठेवा, भिंतीला टेकवू नका, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, आणि दुरुस्तीची वेळ जत्रांच्या तोंडावर आणू नका, तेव्हा कारागिराकडे रांग असते. रोज वाजवत राहिलात तर यातले निम्मे होणारच नाही. आणि ठेवायची जागा पत्नीला विचारून ठरवा.